गांडूळखत आणि गृहस्थाची अहिंसा

अहिंसेचे तत्त्व मानणाऱ्या प्रत्येक भारतीय परंपरेला शेतीपाशी येऊन अडखळावे लागले आहे. कारण अन्न पिकवायचे तर जमीन उकरावी लागते, जमीन उकरली की तिच्यात राहणारे जीव मरतात, आणि अन्नावाचून तर संन्याशाचेही चालत नाही. अशा मरणाऱ्या जीवांचा प्रतिनिधी म्हणून धर्मग्रंथांत वारंवार नाव येते ते कृमीचे. गेल्या काही दशकांत मात्र या कृमीचे आणि माणसाचे नाते निराळ्या वळणावर आले आहे. गांडूळखताच्या वाफ्यात किंवा गच्चीवरच्या पेटीत गांडुळे मुद्दाम आणून सोडली जातात, त्यांना खाऊ घातले जाते, त्यांची संख्या वाढवली जाते आणि त्यांच्या विष्ठेवर झाडे पोसली जातात. नांगराखाली मरणारा जीव येथे पाळीव झाला आहे. त्यामुळे शेतीतील हिंसेचा जुना प्रश्न सुटला असे समजणे सोपे आहे. प्रस्तुत निबंधाचे म्हणणे असे की तो प्रश्न सुटलेला नाही, त्याचे रूप पालटले आहे: ‘मारावे की मारू नये’ याच्या जागी ‘पाळल्यावर काय देणे लागते’ हा प्रश्न आला आहे, आणि त्याचा विचार करण्यासाठी लागणारी सामग्री जैन गृहस्थधर्माच्या एका फारशा चर्चेत नसलेल्या भागात तयार आहे.

जुन्या ग्रंथांची भूमिका आधी पाहणे इष्ट ठरेल. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात, आपत्काळी वैश्यवृत्ती पत्करणाऱ्या ब्राह्मणाने आणि क्षत्रियाने शेती टाळावी असे सांगताना कारण दिले आहे ते हेच, की लोखंडी टोकाचे लाकूड जमिनीला आणि जमिनीत राहणाऱ्या जीवांना इजा करते. पराशरस्मृती याहून कडक बोलते. मासे मारणाऱ्याला वर्षभरात जितके पाप लागते तितके नांगरणाऱ्याला एका दिवसात लागते, असा तिचा हिशेब आहे. तरीही तीच स्मृती ब्राह्मणालाही शेतीची मुभा देते आणि खळ्यावरच्या धान्यातून ठरलेले वाटे दिल्याने, म्हणजे खलयज्ञाने, ते पाप फिटते असे आश्वासन देते. अश्वघोषाच्या बुद्धचरितात पाचव्या सर्गातला तरुण सिद्धार्थ नांगरलेल्या जमिनीत मेलेले किडे पाहून स्वजनांचा वध झाल्यासारखा व्याकूळ होतो, आणि त्यानंतर जांभळीच्या झाडाखाली बसलेला असताना त्याला पहिले ध्यान लाभते. पुढे बौद्ध विनयात, म्हणजे भिक्षूंच्या आचारनियमांत, जमीन स्वतः खणणे किंवा दुसऱ्याकडून खणवून घेणे हा प्रायश्चित्तास पात्र असा दोष ठरवला गेला.

या सर्वांतून दोन मार्ग निघतात. पहिला मार्ग निवृत्तीचा: ज्याने हिंसा टाळायची त्याने खणूच नये. दुसरा मार्ग परिहाराचा: ज्याला खणल्यावाचून गत्यंतर नाही त्याने दानाने किंवा यज्ञाने दोष फेडावा. गृहस्थाच्या घरात चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा ही पाच ‘सूना’, म्हणजे हत्येची स्थाने, आहेत असे मानून त्यांच्या दोषावर रोजच्या पंचमहायज्ञांचा उतारा सांगण्यात आला, तोही याच दुसऱ्या मार्गाने. दोन्ही मार्गांत एक उणीव समान आहे. निवृत्तीने भिक्षूचे हात स्वच्छ राहतात, पण त्याच्या पात्रात पडणारा भात कोणाच्या तरी नांगरानेच पिकलेला असतो; परिहाराने शेतकऱ्याचे पाप फिटते, पण वाटा मिळतो तो राजाला, देवांना आणि ब्राह्मणांना, आणि ज्याच्या मरणामुळे हे सारे घडले त्या कृमीच्या पदरी काहीच पडत नाही. दोन्हीकडे विचार कर्त्याच्या शुद्धीचा आहे. जीव तेथे निमित्तापुरता येतो.

जैन विचारात कृमीला याहून नेमकी जागा आहे. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत उमास्वातींनी (दिगंबर परंपरेत उमास्वामींनी) रचलेले आणि दोन्ही संप्रदायांना मान्य असलेले तत्त्वार्थसूत्र जीवांची वर्गवारी इंद्रियांच्या संख्येवरून करते. पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू आणि वनस्पती हे स्पर्श एवढे एकच इंद्रिय असलेले स्थावर जीव होत. त्यांच्यावरची पायरी द्वींद्रिय जीवांची, म्हणजे ज्यांना स्पर्शाबरोबर रसना किंवा चवही कळते अशांची, आणि या पायरीचे उदाहरण म्हणून सूत्रकाराने कृमीचेच नाव घेतले आहे. द्वींद्रिय जीवाला सहा प्राण असतात असे मानले जाते. येथे प्राण म्हणजे जगण्याच्या शक्ती: दोन इंद्रिये, शरीरबल, वचनबल, श्वासोच्छ्वास आणि आयुष्य. हिंसेची व्याख्याही प्राणांच्याच भाषेत केलेली आहे. प्रमादाने, म्हणजे बेसावध आणि विकारग्रस्त वृत्तीने, प्राणांचा वियोग घडवणे ही हिंसा होय. या व्याख्येत दोन घटक आहेत, जिवाला झालेली इजा आणि करणाऱ्याची बेपर्वाई, आणि पुढील संपूर्ण विवेचन या दुसऱ्या घटकाभोवती फिरणार आहे.

या वर्गवारीतले सगळेच तपशील आजच्या जीवशास्त्राशी जुळणारे नाहीत, हे मान्य करायला हवे. कृमींचा जन्म ‘संमूर्च्छन’ पद्धतीचा, म्हणजे मातापित्यांवाचून आसपासच्या द्रव्यातून होणारा, आणि म्हणून ते स्त्रीही नव्हेत आणि पुरुषही नव्हेत, असे तत्त्वार्थसूत्राच्या परंपरेत मानले गेले. प्रत्यक्षात गांडूळ उभयलिंगी असते. एकाच शरीरात दोन्ही प्रकारची जननेंद्रिये असतात, दोन गांडुळांच्या मीलनानंतर शरीरावरच्या जाड पट्ट्यातून कोष तयार होतो आणि त्या कोषातून पिल्ले बाहेर येतात. मात्र जन्माविषयीची ही समजूत चुकीची ठरली तरी नीतीचा आधार ढासळत नाही, कारण तो आधार जीव कसा उपजतो यावर नसून त्याला काही जाणवते की नाही यावर आहे.

गांडुळाला काय जाणवते याचे उत्तर विज्ञानाने काही अंशीच दिले आहे. त्याच्या शरीराच्या पुढच्या टोकाशी मेंदूचे काम करणारा चेतापेशींचा लहानसा समूह असतो आणि पोटाच्या बाजूने लांबवर चेतारज्जू जाते. डोळे नसले तरी त्वचेतील प्रकाशग्राही पेशींमुळे त्याला उजेड कळतो. ते श्वास घेते ओल्या त्वचेने, त्यामुळे कोरडेपणा त्याला प्राणघातक ठरतो. चार्ल्स डार्विनने आपल्या मृत्यूच्या आदल्या वर्षी, १८८१ साली, प्रसिद्ध केलेल्या गांडुळांवरील ग्रंथात नोंदवले आहे की आवाजाकडे ती लक्ष देत नाहीत, पण मातीची कुंडी पियानोवर ठेवून सूर वाजवला की त्या कंपाने दचकून बिळात शिरतात. बिळाचे तोंड बुजवण्यासाठी पान ओढून नेताना ते कोणत्या टोकाने धरले म्हणजे सहज आत जाईल, याची निवड ती करतात असेही त्याला आढळले, आणि त्यावरून त्यांच्या ठायी काहीएक बुद्धी मानावी असे त्याने सुचवले. एवढ्यावरून गांडुळाला माणसासारखे दुःख होते असे सिद्ध होत नाही. त्याला काहीच होत नाही असेही सिद्ध होत नाही. कायद्यांतही हीच अनिश्चितता दिसते. भारताच्या १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यात ‘प्राणी’ याचा अर्थ माणसाखेरीज कोणताही सजीव प्राणी असा व्यापक केलेला आहे, तर ब्रिटनच्या २०२२ च्या प्राणिसंवेदना कायद्याने पृष्ठवंशीय प्राण्यांबरोबर खेकड्यांच्या आणि ऑक्टोपसच्या वर्गांना आत घेतले, पण गांडुळाला बाहेरच ठेवले.

या शंकेचे एक जुने उत्तर महाभारताच्या अनुशासनपर्वातील कीटोपाख्यानात मिळते. गाड्यांच्या वाटेवरून घाईघाईने धावणारा एक कीटक व्यासांना दिसतो आणि ते त्याला भीतीचे कारण विचारतात. येणाऱ्या गाडीचा आवाज ऐकून तो जिवाच्या भयाने पळत असतो. कीटकाच्या जन्मात सुख ते कसले, तुला मरणच बरे, असे व्यास म्हणतात, तेव्हा तो उत्तर देतो की प्रत्येक जीव आपापल्या देहात रमलेला असतो आणि आपल्यालाही हे जगणे प्रिय आहे. बाहेरून तुच्छ वाटणाऱ्या जगण्याचे मोल बाहेरच्याने ठरवू नये, हा या संवादाचा गाभा आहे. अर्थात कथा येथे थांबत नाही. तो कीटक पुढे अनेक योनींतून चढत क्षत्रिय आणि शेवटी ब्राह्मण होतो, म्हणजे कीटकपण ही ओलांडून जाण्याची पायरीच राहते. कीटकाचे जगणे त्याला प्रिय आहे आणि कीटकाचा जन्म हीन आहे, या दोन्ही गोष्टी परंपरा एका श्वासात सांगते. गांडूळखताचा नैतिक विचार करताना यांतली पहिली गोष्ट पुरेशी आहे. दुसरीची गरज नाही, आणि ती आड आली तर तिच्यामुळे बेपर्वाईला सबबच मिळते.

जैन परंपरेने गृहस्थाकडून मुनीइतकी अपेक्षा केलेली नाही. दिगंबर आचारग्रंथांत हिंसेचे चार प्रकार सांगितले जातात: ठरवून केलेली ती संकल्पी, घरकामात घडणारी ती आरंभी, उपजीविकेच्या उद्योगात घडणारी ती उद्योगी, आणि आक्रमणाला तोंड देताना घडणारी ती विरोधी. यांपैकी संकल्पी हिंसा गृहस्थाने पूर्णपणे सोडायची असते; उरलेल्या तिन्हींच्या बाबतीत त्याने शक्य तितकी दक्षता घ्यायची असते. शेती तिसऱ्या प्रकारात बसते. श्वेतांबर परंपरेने जमीन फोडण्याच्या धंद्याला, म्हणजे ‘फोडीकम्म’ याला, श्रावकाने, म्हणजे जैन गृहस्थाने, टाळावयाच्या पंधरा ‘कर्मादानां’त, म्हणजे मोठा कर्मबंध ओढवणाऱ्या व्यवसायांत, घातले, पण ज्या उपासकदशांग या आगमात ही यादी येते त्याच ग्रंथातील आदर्श श्रावक आनंद आपली शेती पाचशे नांगरांपुरती मर्यादित करण्याचे व्रत घेतो. नवव्या शतकातील जिनसेनांच्या आदिपुराणात तर प्रथम तीर्थंकर ऋषभदेवांनी लोकांना शिकवलेल्या सहा वृत्तींत असी (शस्त्र), मसी (लेखन), विद्या, वाणिज्य आणि शिल्प यांच्या जोडीला कृषीही आहे. जैन म्हणजे व्यापारी असे समीकरण महाराष्ट्रात अनेकदा ऐकू येते, परंतु कोल्हापूर, सांगली आणि सीमेपलीकडच्या बेळगाव भागांतला दिगंबर जैन समाज पिढ्यान्‌पिढ्या शेती करत आला आहे, आणि विसाव्या शतकात दिगंबर मुनिपरंपरेला नवे बळ देणारे आचार्य शांतिसागर (१८७२–१९५५) याच भागातल्या भोज गावच्या पाटील घराण्यातले होते. म्हणजे नांगर आणि अणुव्रत (गृहस्थाने मर्यादित स्वरूपात पाळावयाचे व्रत) एका घरात नांदवण्याचा अनुभव या भूमीला नवा नाही.

आता या चौकटीत गांडूळखत कोठे बसते ते पाहावे लागेल. खतासाठी वापरली जाणारी गांडुळे शेतातली खोल बिळे करणारी नसतात; ती पृष्ठभागाजवळ, कुजणाऱ्या पालापाचोळ्यात राहणाऱ्या जातींची असतात. आयसेनिया फेटिडा ही मूळची युरोपातली, युड्रिलस युजेनी ही आफ्रिकेतली, तर पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस ही आपल्याकडच्या प्रदेशातली जात या कामी विशेष प्रचलित आहे. सावलीत वाफा किंवा टाकी करतात, तळाशी पाण्याचा निचरा होईल असा काडीकचऱ्याचा थर देतात, दोनतीन आठवडे ठेवून ऊब गेलेले शेण आणि अर्धवट कुजलेला पाला भरतात, त्यावर गांडुळे सोडतात आणि ओल्या गोणपाटाने झाकतात. साधारण दीडदोन महिन्यांत चहाच्या भुकटीसारखे काळसर, वास नसलेले खत तयार होते. मग पाणी देणे थांबवून खताचा ढीग उजेडात केला की गांडुळे अंधाराच्या ओढीने खाली जातात आणि वरचे खत काढून घेता येते. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी मोठ्या गृहसंकुलांनी आपला ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवावा असे सांगितल्यापासून ही पद्धत शेताबाहेर, शहरातल्या सोसायट्यांतही गेली आहे.

हिंसेच्या चारही प्रकारांपैकी कोणताच येथे नेमका लागू पडत नाही. शेतकऱ्याच्या नांगराखाली येणारा जीव तेथे आधीपासून असतो. वाफ्यातला जीव माणसाने तेथे आणलेला असतो. नांगरणाऱ्याला त्या जिवाची गरज नसते. खत करणाऱ्याचे सगळे काम त्या जिवाच्या जगण्यावरच अवलंबून असते. यावर कडव्या भूमिकेतून आक्षेप येऊ शकतो. मुनीने पाळावयाच्या पाच समितींपैकी, म्हणजे दक्षतेच्या नियमांपैकी, पाचवी ‘उत्सर्ग समिती’ सांगते की टाकाऊ वस्तू जीवरहित जागा पाहूनच टाकावी. गांडूळखतात नेमके उलटे घडते, कारण तेथे कचरा जीव आहेत म्हणूनच टाकला जातो. शिवाय जिवांची वाढ मुद्दाम घडवणे म्हणजे त्यांचे मरणही मुद्दाम घडवणे होय, असे म्हणता येते. मुनीच्या बाबतीत हा आक्षेप निर्णायक आहे, आणि मुनीने खत करावे असे कोणी म्हणतही नाही. गृहस्थाच्या बाबतीत मात्र तो पुरा पडत नाही, कारण त्याचा ओला कचरा कोठेतरी जातोच. कचराभूमीवर हवेविना कुजतानाही त्यात असंख्य जीव उपजतात आणि मरतात, फक्त ते त्याच्या नजरेआड घडते. नजरेआड करणे म्हणजे अप्रमाद नव्हे.

दुसरीकडून येणारे समर्थन गांडुळाला ‘शेतकऱ्याचा मित्र’ म्हणते आणि त्याच्या उपयोगाचा पाढा वाचते. उपयोग खराच आहे. इंग्लंडच्या अनेक भागांत दर एकरी वर्षाला दहा टनांहून अधिक कोरडी माती गांडुळांच्या पोटातून जाऊन पृष्ठभागावर येते, असा डार्विनचा अंदाज होता, आणि जमिनीवरचा सुपीक थर घडवण्यात या क्षुद्र वाटणाऱ्या प्राण्याचा वाटा किती मोठा आहे हे जगाला त्याच्या ग्रंथाने पटवले. परंतु उपयोगावर उभी केलेली करुणा फार टिकाऊ नसते. उत्तर अमेरिकेच्या ज्या उत्तरेकडील जंगलांत हिमयुगानंतर मूळची गांडुळे उरली नव्हती, तेथे युरोपीय वसाहतवाल्यांबरोबर गेलेल्या गांडुळांनी जमिनीवरचा पालापाचोळ्याचा थर झपाट्याने संपवून तिथल्या वनस्पतींचे नुकसान केले आहे. मैत्रीचा आधार उपयोग असेल तर तिथले गांडूळ शत्रू ठरते आणि त्याला मारण्यात काहीच वावगे उरत नाही. अहिंसेचा दावा असा असतो की जीव उपकारक आहे म्हणून नव्हे, तर जीव आहे म्हणून त्याचे काही देणे लागते. त्यातच भर म्हणजे डार्विनने गौरवलेले काम संख्येने अगणित अशा गांडुळांचे आहे, एकट्या गांडुळाचे नव्हे, आणि प्राण जातो तो नेहमी एकट्याचाच.

असे असेल तर विचाराची योग्य जागा कोणती? तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. अतिचार म्हणजे व्रत पुरते न मोडता त्याला लागणारा डाग. ते पाच असे: बंध, म्हणजे बांधून ठेवणे, वध, म्हणजे येथे मारहाण, छेद, म्हणजे अवयव कापणे, अतिभारारोपण, म्हणजे झेपणार नाही इतके ओझे लादणे, आणि अन्नपाननिरोध, म्हणजे खाणेपिणे अडवणे. अहिंसेच्या व्रताला डाग लावणाऱ्या गोष्टींच्या या यादीत ठार मारण्याचा उल्लेख नाही, ही बाब लक्ष देण्याजोगी आहे. ठार मारले की व्रतच मोडते. यादी आहे ती जिवंत ठेवून केलेल्या अन्यायाची. ती बैल, घोडा, नोकर अशा, माणसाच्या ताब्यात असलेल्या आणि त्याच्यासाठी राबणाऱ्या जीवांना उद्देशून आहे. गांडूळ या यादीच्या कर्त्यांच्या नजरेसमोर असण्याचे कारण नव्हते, कारण तेव्हा ते कोणी पाळत नव्हते. आज ते पाळले जाते, कामाला लावले जाते, किलोच्या भावाने विकले आणि विकत घेतले जाते. तेव्हा बैलाच्या दावणीपाशी लागू होणारा नियम वाफ्यापाशीही लागू व्हायला हवा.

तो लागू करून पाहिला तर प्रत्येक अतिचाराला वाफ्यात नेमके रूप मिळते. बंधाचा प्रश्न पेटीच्या भिंतींचा आहे. परिस्थिती मानवली तर या जातींची गांडुळे खाद्य असेपर्यंत आपणहून तेथे राहतात. ती झाकणाकडे किंवा भिंतीवर चढू लागली, तर आत पाणी साचले आहे, आंबटपणा वाढला आहे किंवा हवा कोंडली आहे असे समजावे, आणि अशा वेळी झाकण घट्ट करणे हाच बंध होय. वध म्हणजे मीठ-मसाल्याचे उष्टे, लिंबा-मोसंबीच्या सालींचा ढीग किंवा कीटकनाशक मारलेला पाला आत टाकणे, तसेच खत वेगळे करण्याची घाई म्हणून ढीग भर उन्हात पसरणे, ज्याने त्वचा सुकून गांडुळे मरतात. छेद होतो तो फावड्याने आणि कुदळीने. गांडूळ मधोमध तुटले तर त्याची दोन गांडुळे होतात ही सर्वत्र पसरलेली समजूत खोटी आहे, काही जातींत पुढचा भाग कधीकधी वाचतो आणि मागचा बहुधा मरतोच, म्हणून वाफा हाताने किंवा बोथट दाताळ्याने हलवणे हा व्रताचाच भाग ठरतो. अतिभार म्हणजे गांडुळे खाऊ शकतील त्याहून अधिक कचरा एकदम ओतणे; ताजे शेण आणि ओला कचरा जाड थरात टाकला की तो कुजताना तापतो आणि त्या उष्णतेने वाफा उकडून निघतो. अन्नपाननिरोध बहुतेक वेळा दुष्टपणाने घडत नाही, विसरण्याने घडतो: सुट्टीला गेलेल्या कुटुंबाची गच्चीवरची पेटी वैशाखात सुकते, किंवा आषाढात तिच्यात पाणी भरून राहते.

यावर असे म्हणता येईल की ही तर चांगले खत करण्याची नेहमीचीच पथ्ये झाली. स्वार्थच जर हे सांगतो तर त्यात धर्म कोणता? बऱ्याच अंतरापर्यंत स्वार्थ आणि धर्म एका वाटेने जातात हे खरे, आणि तसे असणे गृहस्थाच्या भाग्याचे आहे. पण ती वाट पुढे फुटते, आणि ती फुटते तेथे कसोटी लागते. खत चाळताना चाळणीतून जाणारे कोष आणि पिल्ले वेचून परत सोडण्यात वेळ जातो आणि नफा काही नसतो. खताला गिऱ्हाईक उरले नाही, गृहसंकुलाचा कंत्राटदार बदलला किंवा समितीचा उत्साह ओसरला, की वाफ्यातील गांडुळांची संख्या ही मालमत्ता राहत नाही, अडगळ होते. पृष्ठभागावरच्या जाती नुसत्या मातीत सोडल्या तर सहसा तग धरत नाहीत, त्यामुळे ‘बागेत सोडून दिली’ हे उत्तर अनेकदा ‘मरू दिली’ याचेच सौम्य रूप असते. स्वार्थाच्या हिशेबात येथे काहीच चूक घडलेली नसते. अतिचारांच्या यादीनुसार मात्र पाळणाऱ्याने अन्न आणि पाणी अडवलेले असते, आणि तेही जो जीव स्वतःहून दुसरीकडे जाऊ शकत नाही त्याचे.

याच ठिकाणी परिहाराच्या जुन्या मार्गाचा मोह पुन्हा होतो. गांडूळखतामुळे रासायनिक खत वाचले, जमिनीतले इतर जीव वाचले, मग वाफ्यातली थोडी हानी वजा जाते, असा हिशेब मांडला जातो. अशा वजाबाकीला मराठीत सर्वांत कठोर उत्तर ज्ञानेश्वरांनी दिले आहे. शके १२१२ मधील आपल्या गीताटीकेच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे विस्तृत विवेचन करताना त्यांनी यज्ञातील पशुवधाबरोबरच, एकाचा जीव वाचवण्यासाठी झाडांच्या मुळ्या आणि साली ओरबाडणाऱ्या वैद्यकावरही टीका केली आहे. एका जिवाला पोचवलेली इजा दुसऱ्याच्या रक्षणात जमा धरणे त्यांना मान्य नाही. अहिंसा त्यांच्या मते आधी मनात मुरलेली असते आणि तेथून ती चालण्यात, पाहण्यात, बोलण्यात आणि हातांच्या हालचालीत उतरते. हे मत शब्दशः घेतले तर औषधही सोडावे लागेल आणि शेतीही. तसे करणे गृहस्थाला शक्य नाही. पण त्यातला एक मुद्दा शेतकऱ्याला आणि खत करणाऱ्यालाही नाकारता येत नाही: पुण्याची बाजू भक्कम आहे म्हणून पापाच्या बाजूकडे पाहण्याचे कारण नाही, ही वृत्तीच प्रमाद होय. जैन व्याख्येतला प्रमाद आणि ज्ञानेश्वरांना अभिप्रेत असलेली मनाची कठोरता या ठिकाणी जवळ येतात.

गांडूळखताला आधुनिक भूतयज्ञ म्हणण्याचा मोहही असाच टाळलेला बरा. पंचमहायज्ञांपैकी भूतयज्ञात गृहस्थ आपल्या अन्नाचा भाग इतर जीवांसाठी जमिनीवर ठेवतो, आणि मनुस्मृतीतील यादीत कुत्रे, कावळे यांच्याबरोबर कृमीही आहेत. तेथे दिले जाते ते स्वतःच्या शिजलेल्या अन्नातून, आणि परत काही मिळावे म्हणून नव्हे. वाफ्यात दिले जाते ते नको असलेले, आणि मोबदल्यात खत घ्यायचे असते. हा दोष नव्हे. बैलाला चारा घालून त्याच्याकडून नांगर ओढवून घेणे हाही व्यवहारच आहे, आणि पोळ्याच्या दिवशी त्याला सजवले म्हणून तो यज्ञ होत नाही. व्यवहाराला व्यवहार म्हटले तर त्याच्या अटी विचारता येतात. यज्ञ म्हटले की त्या विचारणेच संपते.

निष्कर्ष असा की गृहस्थाला गांडूळखत करण्यास अहिंसेची आडकाठी नाही, पण ते अहिंसेचे आचरण आहे असेही नाही. नांगराने केलेल्या हिंसेचा तो उताराही होत नाही. ते एक पालकत्व आहे, आणि त्याची पात्रता बैल पाळण्याच्या पात्रतेहून वेगळ्या मापाने मोजता येत नाही. ज्याला रोज ओल तपासणे, उन्हा-पावसात आडोसा करणे, चाळताना पिल्ले वेगळी काढणे आणि काम थांबवण्याआधी वाफा दुसऱ्या पाळणाऱ्याच्या हवाली करणे जमेल, त्याने ते करावे. ज्याला जमणार नाही त्याच्यासाठी याहून कमी ताबा गाजवणारा मार्ग उपलब्ध आहे, आणि अपरिग्रहाच्या, म्हणजे न साठवण्याच्या, व्रताला तोच अधिक जवळचा आहे: पालापाचोळा जाळू नये, तो झाडांच्या बुडाशी आच्छादन म्हणून पसरावा, जमीन शक्य तितकी कमी खणावी आणि विषारी फवारे बंद करावेत. अशा जमिनीत लॅम्पिटो मॉरिटीसारखी इथली गांडुळे कोणी न आणता वाढतात, आपले काम करतात आणि परिस्थिती बिघडली तर निघून जाण्याची मोकळीकही त्यांना असते. खत थोडे कमी आणि उशिरा मिळेल; मात्र ज्या जिवाला बांधलेच नाही, त्याच्या बाबतीत पहिला अतिचार तरी घडत नाही, आणि उरलेले चारही बहुधा या पहिल्यातूनच निघतात.